साखळी धरणाऱ्याची मजुरी

माझा आजा साखळी धरायचा. बा साखळी धरायचा. मीही धरली. आता माझा भाचा धरतो. त्याच्या हातात साखळी नाही, रोव्हर नावाच्या यंत्राची काठी आहे, एवढाच फरक. या चार पिढ्यांत जमीन मोजणाऱ्या साहेबांची हत्यारं बदलली, हुद्दे बदलले, पगार वाढले. साखळीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस मात्र कागदावर मजूरच राहिला. तोही अकुशल.

दोस्तहो, आधी ही साखळी समजून घ्या. मुंबई इलाख्यातली मोजणीची साखळी 33 फुटांची. तिचे 16 आणे. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. 1835-36 साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी मोजणी आणि साऱ्याची पद्धत बसवली, तीच पुढं इलाखाभर गेली. पुस्तकांत त्यांची नावं आहेत. काट्याकुट्यातून साखळी कोणी ओढली, त्यांची नावं नाहीत.

मोजणीदार गावात आला की महारवाड्यात सांगावा यायचा. गावाची शीव कुठून कुठं जाते, कुठल्या बांधाखाली दगड पुरलाय, ओढा आधी कुठून वाहायचा, हे महाराला ठाऊक. शिवेचा तंटा लागला की साक्ष महाराची. म्हणजे ज्ञान आमचं. आणि त्याचा मोबदला? हाडकी-हाडवळ्याचा तुकडा, आणि सुगीत खळ्याखळ्यावर हात पसरून आणायचं बलुतं. आजा सांगायचा, ‘‘दिसभर साखळी वढायची, दगूड व्हायचं, सायबाच्या घोड्याला गवात आणायचं, आन् सांजच्याला वाड्याम्होरं भाकरीसाठी हाळी द्यायची.’’

बाबासाहेबांनी ही वेठ ओळखली होती. 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात बिल आणलं. बलुत्याच्या जागी रोख मोबदला ही त्यातली एक मागणी होती. बिल पास झालं नाही. महार वतन कायद्यानं जायला 1 ऑगस्ट 1959 उजाडावा लागला.

वतन गेलं. बा म्हणाला, आता रोख मजुरी मिळंल. मिळाली. पण किती? महारवाड्यातल्या माणसाला गाव जेवढी देत होतं तेवढी. आम्ही 1956 सालीच बौद्ध झालो होतो, पण गावाच्या हिशोबात महारच होतो. त्या हिशोबाला एक सोज्वळ नाव होतं, ‘चालू दर’.

1984 साली मी दहावी होऊन घरी बसलो होतो. भीमेच्या काठाला एका कालव्याची मोजणी निघाली. कंत्राटदाराचा मुकादम वस्तीत आला. मी आणि बा दोघं लागलो. टोळी सहा जणांची. बा साखळीवर, मी लेव्हलची पट्टी धरायला.

अकुशल काम म्हणतात, तर काम काय होतं ते ऐका. उतारावर साखळी जमिनीला टेकवून मोजली तर अंतर खऱ्यापेक्षा जास्त भरतं. म्हणून ती आडवी धरून पायरी पायरीनं उतरायचं. पुढच्या माणसाच्या हातात दहा लोखंडी सळ्या. दर साखळीला एक रोवायची, मागच्यानं ती उपसून घ्यायची. शेवटी मागच्याच्या हातातल्या सळ्या मोजायच्या. एक सळी हरवली की हिशोबातून एक साखळी गेली. पट्टी जरा कलली तरी आकडा चुकतो, आणि तो आकडा चुकला की कालव्याचं पाणी चढाला लागतं. हे मला साहेबानं शिकवलं नाही, बानं शिकवलं. साहेब छत्रीखाली बसून आकडा लिहायचा. आकडा बरोबर असायचा, कारण पट्टी सरळ असायची.

पगाराच्या दिवशी मुकादमानं मस्टर पुढं केलं. रोज 12 रुपये लिहिलेले. हातात 8 प्रमाणे. माझ्या आधी पाच अंगठे उठले होते. त्यात बाचा होता. मी विचारलं, ‘‘बारा लिवल्यात, आठ कसं?’’ मुकादम म्हणाला, ‘‘काय रं, धा बुकं शिकलास म्हणून लई शाना झालास का? गावात आठच चालू हाय.’’ मी सही केली नाही. पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला ‘येऊ नको’ म्हणून निरोप आला. बालाही.

बा माझ्यावर भडकला. घरात दाणा नव्हता. म्हणाला, ‘‘आरं, सही करून भांडायचं व्हतंस.’’ रात्री मात्र अंधारात तो हळूच म्हणाला, ‘‘माझा अंगठा मला पुसता आला आस्ता तर बरं झालं आस्तं.’’ हे वाक्य मी अजून घेऊन हिंडतो.

तालुक्याला चळवळीतला एक वकील भेटेपर्यंत आठ महिने गेले. त्यानं सांगितलं, किमान वेतन कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा होता. वेळ गेली. म्हणजे कायदा होता. 1948 सालापासून होता. त्याचं बिल खुद्द बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1946 च्या एप्रिलात मांडलं होतं. माझ्या घरात त्यांचा फोटो होता आणि मला त्यांचा कायदा माहीत नव्हता. मुकादमाच्या चोरीपेक्षा ही गोष्ट मला जास्त लागली.

आणखी एक गोष्ट त्या वकिलानं सांगितली. 1982 साली दिल्लीच्या एशियाडवरच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या 23 व्या कलमानं बंद केलेली वेठ आहे. 1983 साली राजस्थानातल्या दुष्काळी कामावरच्या मजुरांबद्दलही तेच सांगितलं. वेठ! आजाचा शब्द. मी समजत होतो माझे रोजचे चार रुपये गेले. कोर्ट म्हणत होतं, तुला वेठीला धरलं.

आता चालू दराबद्दल. अमेरिकेत 1931 साली डेव्हिस-बेकन नावाचा कायदा झाला. सरकारी पैशाच्या बांधकामावर, त्या भागात त्या कामाचा जो चालू दर असेल त्याहून कमी मजुरी देता येत नाही. मोजणीच्या टोळीतला पट्टी धरणारा या कायद्यात बसतो की नाही, यावर तिथंही वाद झाले. जिथं युनियननं झगडून दर वर नेलाय तिथं असा कायदा मजुराच्या पाठीशी उभा राहतो. पण जिथं दर वाड्यानं ठरवलाय तिथं काय? तिथं चालू दर म्हणजे जातीचा दर. तो कायद्यात लिहिला तर जातीलाच सरकारी शिक्का बसेल. म्हणून आपल्याला गावाचा दर नको, कायद्याचा तळ पाहिजे. गावानं काहीही म्हणो, याच्या खाली नाही. किमान वेतनाचा अर्थ मी असा लावतो.

आता भाच्याचं सांगतो. तो एका हायवेच्या मोजणीवर आहे. यंत्र उपग्रहावरून जागा पकडतं. तरी काठी सरळ कोणीतरी धरावीच लागते, चिखलात कोणीतरी उतरावंच लागतं. हुद्दा ‘मदतनीस’. दर्जा अकुशल. पगार बँकेत पूर्ण जमा होतो. मग एटीएममधून 2,000 रुपये काढून मुकादमाला परत द्यायचे. अंगठ्याच्या जागी मोबाईलवरचा मेसेज आला. चोरी तीच.

टोळी पुन्हा सहा-सात जणांचीच. कंत्राटी मजुरांचा 1970 चा कायदा 20 मजुरांपासून लागायचा, 2020 च्या संहितेनं ती संख्या 50 केली. मोजणीची टोळी यातही बसली नाही, त्यातही बसणार नाही. पण किमान वेतनाला अशी अट नाही. 1948 चा कायदा आता वेतन संहिता 2019 मध्ये गेला, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. पूर्वी यादीतल्या धंद्यांनाच किमान वेतन होतं, आता सगळ्यांना आहे. अर्जाला सहा महिन्यांऐवजी तीन वर्षं आहेत. पैसे दिल्याचा पुरावा मालकानं द्यायचा आहे. पगाराची स्लिप देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. नव्या संहितांवर आपले आक्षेप असतील, माझेही आहेत. पण हातात आलेलं हत्यार गंजू देऊ नका.

परवा भाचा विचारत होता, ‘‘मामा, अर्ज केला आन् नाव कापलं तर?’’ मी त्याला खोटं सांगितलं नाही. म्हणालो, ‘‘कापतील. माझंही कापलं होतं. म्हणून एकट्यानं करायचा नाही.’’ मग टोळीतल्या दुसऱ्या दोघांना बोलावलं. तिघांनी बसून कुठल्या तारखेला किती जमा झाले आणि किती परत दिले ते वहीत लिहून काढलं. अर्जात दुसरी मागणी टाकली, ‘अकुशल’ हा दर्जा बदला. काय काय येतं त्याची यादी जोडली. यादी दीड पान झाली. भाचा स्वतःच बघत राहिला.

दोस्तहो, मोजणीच्या टोळ्या लहान असतात, आज या शिवारात तर उद्या त्या. त्यांची युनियन नाही. मोर्चात त्या दिसत नाहीत. रस्त्याच्या कडेला काठी धरून उभा असलेला पोरगा दिसला तर गाडी थांबवा. जयभीम घाला. आणि विचारा, स्लिप मिळते का, दर्जा काय लिहिलाय, बँकेत आलेल्यातलं परत किती जातं.

बा गेला. त्याचा अंगठा त्या मस्टरवर तसाच असेल. तो मला पुसता येणार नाही. पण भाच्याच्या अर्जावर तीन सह्या आहेत, आणि तिन्ही स्वतःच्या हातानं केलेल्या आहेत.