पुड्यावर की घरावर?

तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात दोन-तीन आठवड्यांत उरकतो. पहाटेच्या अंधारात घरंच्या घरं जंगलात जातात. दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर (संकलन केंद्रावर) मोजून वाळत घालतात. असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. गडचिरोलीतल्या पुष्कळ घरांत वर्षभरातला मोठा रोख पैसा येतो तो याच दिवसांत. तोडणीची मजुरी ज्याची त्याला मिळते, त्यात वाद नसतो. वाद असतो रॉयल्टीचा. लिलाव घेणारा व्यापारी ती ग्रामसभेच्या खात्यात भरतो आणि त्या पैशाचं काय करायचं हे गावाला एकत्र बसून ठरवावं लागतं.

बँकेतून निवृत्त झाल्यावर धानोरा तालुक्यातल्या काही ग्रामसभांना हिशेब लिहायला शिकवण्यासाठी मी जात असे. रोजकीर्द, खतावणी, मस्टर, व्हाउचर हे सगळं तिथल्या मुलामुलींना चटकन जमलं. वहीत आकडा येण्याआधी गावात जे घडतं, ते मात्र त्यांच्याकडूनच शिकायचं होतं.

एका गावातली ती सभा माझ्या मनात पक्की बसली आहे. रॉयल्टीची रक्कम जमा झाली होती आणि बोलणं सुरू झालं ते वाटपावर. बहुतेक तरुणांचं मत सरळ होतं: ज्याने जितके पुडे दिले तितका त्याचा वाटा. नोंदी माझ्यासमोरच्या वहीत होत्या, भागाकार दहा मिनिटांचा होता. गावातल्या मोठ्या कुटुंबांनाही हे सोयीचं होतं. ज्या घरात पाच-सहा हात, त्या घराचे पुडे साहजिकच जास्त.

मागच्या बाजूला बसलेली एक वृद्ध बाई बराच वेळ गप्प होती. तिच्या घरात ती एकटीच. गुडघ्यांमुळे त्या वर्षी ती जंगलात फारशी गेली नव्हती. ती उठली नाही, बसल्या जागेवरूनच म्हणाली, "तोडणाऱ्याले मजुरी भेटली. हे पैसे जंगलाचे आहेत. जंगल का तोडणाऱ्याचंच आहे?"

सभेत शांतता झाली नाही, उलट एकच गलका झाला. कोणी म्हणालं, मग राबायचं कशाला? कोणी म्हणालं, वणवा लागला तेव्हा ही म्हातारीच पहिल्यांदा ओरडत आली होती. बहुमत कुठे आहे ते स्पष्ट दिसत होतं. हात वर करायला सांगितले असते तर पुड्यांचा हिशेब सहज जिंकला असता. पण त्या गावात हात वर करून ठरवत नाहीत. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो.

ही रीत या भागात ज्या गावामुळे सर्वदूर पोहोचली, ते मेंढा (लेखा) त्याच धानोरा तालुक्यात आहे. जेमतेम शंभर घरांचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी, आणि त्यांच्यासोबत राहून शिकणारे-शिकवणारे मोहन हिराबाई हिरालाल यांनी १९८०च्या दशकापासून दोन गोष्टी धरून ठेवल्या: निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा, आणि घेण्याआधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा. अभ्यासगट निर्णय घेत नाही. तिथे फक्त माहिती आणि चर्चा. निर्णय सभेचा. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तो मिळाला तेव्हा गाव तयार होतं, कारण एकमेकांचं ऐकून घेण्याचा सराव वीस वर्षांचा होता.

तरीही बांबू विकायला दोन वर्षं थांबावं लागलं. बांबू हे गौण वनोपज आहे असं वनहक्क कायदा स्पष्ट म्हणतो, पण वाहतूक परवाना द्यायला वनखातं तयार नव्हतं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. आपल्या जंगलातला बांबू आपल्या सहीने बाहेर पाठवणारं ते देशातलं पहिलं गाव मानलं जातं. मजुरीतला दहावा हिस्सा गावाच्या कोषात टाकायची तिथली पद्धत मला फार मोलाची वाटते. ज्याने स्वतःच्या मजुरीतून कोषात घातलं आहे, तो त्या कोषाचा हिशेब विचारतोच. अनुदानाच्या पैशाला असा विचारणारा सहसा मिळत नाही.

आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. २०१४च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा कायदा) नियमांनी महाराष्ट्रात ग्रामसभा कोषाला कायद्याचा आधार दिला. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध (अटी नसलेला) निधी २०१५पासून पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींकडे थेट येऊ लागला. म्हणजे गावाच्या हाती पैसा आहे, थोडा का होईना. वनहक्क नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार गणपूर्तीसाठी निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. रजिस्टरमध्ये अंगठे भरून हा आकडा कागदावर जमवता येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण जिथे स्त्रिया खरोखर येऊन बसतात, तिथे चर्चा वेगळीकडे जाते. पुरुष रस्त्याचं, समाजमंदिराचं बोलत असतात, आणि बायका विचारतात की उन्हाळ्यात हातपंप आटला तर पाणी कुठून आणायचं?

त्या वृद्ध बाईच्या गावातल्या वाटपाच्या विषयाला पुढे तीन बैठका लागल्या. मधल्या दिवसांत अभ्यासगट बसला. मला त्यांनी एकच काम सांगितलं: तीन वेगवेगळ्या पद्धतींनी वाटप केलं तर कोणाला किती मिळेल, ते मांडून दाखवायचं. पुड्यांप्रमाणे, घरांप्रमाणे, माणशी. तक्ता भिंतीवर लावला. वाचता न येणाऱ्यांसाठी एका मुलीने प्रत्येक घरापुढे चिंचोके ठेवून दाखवले. त्या चिंचोक्यांनी जे केलं ते माझ्या आकड्यांनी झालं नसतं. लोक घराघरापाशी थांबून मोजत होते, आपल्यापेक्षा शेजाऱ्याचे चिंचोके जास्त वेळ बघत होते. सर्वांत मोठ्या घरातला एक कर्ता माणूस बराच वेळ तिथे उभा राहिला आणि पुढच्या बैठकीत तोच म्हणाला की सगळं पुड्यांवर नको.

ठरलं ते असं. काही भाग कोषात राहील: वणव्याच्या दिवसांत राखण करणाऱ्यांची मजुरी, आजारपणात परत फेडायच्या बोलीवर उसने, आणि पुढच्या हंगामाआधीची झुडपांची छाटणी यासाठी. उरलेल्यातला अर्धा घरागणिक सारखा, अर्धा पुड्यांप्रमाणे. पहिल्या दिवशी मतदान घेतलं असतं तर हा मार्ग कोणाला सुचलाच नसता. उशीर झाला म्हणून कोणाचं नुकसान झालं नाही. घाईने मात्र त्या म्हातारीचं नक्की झालं असतं.

हे सगळं सुरळीत चालतं असं नाही. तेंदूच्या भावाचा नेम नसतो. २०१७ मध्ये भाव चांगलेच चढले आणि पुढच्याच वर्षी कोसळले. तेंदूपानावर २०१७ साली अठरा टक्के जीएसटी लागला होता. लिलावाला व्यापारी एकजूट करून येतात. करार झाल्यावर पैसे थकवतात. एका बँकेच्या शाखेत ग्रामसभेचं खातं उघडायला गेलेल्या पोरांना सरपंचाची सही आणा म्हणून परत पाठवलं गेलं. ग्रामसभा ही ग्रामपंचायतीहून वेगळी आहे, तिचे सही करणारे वेगळे आहेत, हे समजावताना माझी आयुष्यभराची नोकरी कामी आली. एकेकट्या गावाने हे सारं पेलणं कठीण आहे, म्हणून कोरची तालुक्यातल्या नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. तिथे प्रत्येक गावातून दोन पुरुष आणि दोन स्त्रिया प्रतिनिधी येतात. लिलावाची बोलणी एकत्र होतात, त्यामुळे व्यापाऱ्याला एका गावाला दुसऱ्याविरुद्ध खेळवणं अवघड जातं.

मेंढ्याने तर २०१३ साली १९६४च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या खासगी जमिनीही ग्रामसभेच्या नावे करण्याचा ठराव केला. भूदान-ग्रामदानाचा काळ मागे पडून कितीतरी वर्षं झाल्यावर एका गावाने हे केलं, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्याला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचं दार ठोठावावं लागलं. ज्या कायद्याची शासनाने स्वतः आखणी केली, तो पाळणाऱ्या गावाला इतकं झगडावं लागावं याचं मला मनापासून दुःख होतं.

त्या चिंचोक्यांच्या गावात, तिसऱ्या बैठकीत वाटपाची यादी वाचून दाखवत असताना बायकांनी मध्येच थांबवलं. प्रत्येक घराच्या मजुरीच्या कार्डावर नाव पुरुषाचं होतं आणि पैसे त्याच्याच खात्यात जाणार होते. पानं तोडतात आणि पुडे बांधतात त्या बहुतेक बायकाच. मजुरीचं कार्ड दोघांच्या नावे करा, आणि घरागणिकचा सारखा वाटा बाईच्या खात्यात टाका, असं त्यांनी मांडलं. पुरुषांपैकी दोघांनी विरोध केला. विषय पुढच्या बैठकीवर गेला. त्या बैठकीला बायका आपापली पासबुकं घेऊन आल्या होत्या. ज्यांची खाती नव्हती त्यांच्यासाठी अर्ज भरायला मी बसले.