तबकड्यांचा संसार

जुन्या तबकड्यांचा संग्रह घरात असेल, तर रेकॉर्ड प्लेयरची निवड त्या संग्रहाकडे पाहूनच करावी लागते. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व यांची जुनी गाणी मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांवर आहेत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. 1948 साली अमेरिकेत आलेली व्हिनाइलची एलपी 33⅓ फेऱ्यांची. आज दुकानात मिळणारी बरीच यंत्रे मात्र 33 आणि 45 या दोनच वेगांची असतात, हे आधीच विचारून घेतलेले बरे.

वेग जुळला तरी सुईचा प्रश्न उरतोच. लाखेच्या तबकडीची खाच रुंद; तिला सुमारे 75 मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई याच्या जेमतेम चौथा हिस्सा. ती 78च्या तबकडीवर टेकवली की खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. अशा वेळी लोक नवे स्पीकर आणतात! खर्च करायचाच, तर आधी सुईवर करावा.

ठेवण्याचे नियम थोडेच. तबकड्या उभ्या आणि सरळ ठेवाव्यात. एकावर एक रचल्या की व्हिनाइल वाकते, लाख तडकते. कोकणातल्या पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी धरते, म्हणून कपाट ओलसर भिंतीपासून दूर हवे. पुसायला स्पिरिट मात्र लाखेच्या तबकडीला कधीच लावू नये. त्यात लाख विरघळते.