माहितीदार

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी एक वाक्य लिहिलं होतं : ‘मिरजेतील एका जुन्या कारागिराच्या मते जवारी कानसीनं नव्हे, कानानं लागते.’ मॅडमनी खाली पेन्सिलीनं रेघ मारली. “हे कारागीर कोण?”

“माझे मामू.”

“मग तसं का लिहिलं नाहीस?”

मला उत्तर देता आलं नाही.

मी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीतात एम.ए. करत होते. केंद्र १९८७ साली सुरू झालं, तेच गुरुकुल म्हणून. शिकायचं गुरूसमोर बसून, पण शेवटी लिहायचंही. विषय मीच घेतला : मिरजेचा तंबोरा. पहिल्या खर्ड्यात सगळे अब्दुल करीम खाँसाहेबच होते. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात काढलेलं आर्य संगीत विद्यालय, किराणा घराणं, १९३७ सालचा मृत्यू, मिरजेच्या दर्ग्यातली कबर. मॅडम म्हणाल्या, “हे पुस्तकांत आहे. तंबोरा कुठाय?”

म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात मिरजेला गेले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन नुकतंच मिळालं होतं. मामूंच्या माळ्यावर पंढरपूरकडचे भोपळे वाळत टांगलेले. आमचे पूर्वज शिकलगार. हत्यारांना धार लावणारे हे लोक एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. मामूंना एका कानानं कमी ऐकू येतं. चार तारा चढवल्या, पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, की ते डोळे मिटून भोपळ्याला गाल टेकवतात. घोडीचा उतार नखाएवढाही नाही. तारेखाली सुती दोरा, त्याला जीव म्हणतात. तो केसभर सरकवला की एरवी बद्द वाजणारी तार उघडते. नुसता आवाज होता, तिथं गुंजन येतं. तो क्षण मला शब्दांत धरता आला नाही. तीनदा लिहिला, तीनदा खोडला.

“इत्ता लिखके क्या करती गे तू?” मामी विचारायची.

आता मॅडमच्या प्रश्नाचं. धायरीत आम्ही २०१६ मध्ये भाड्याचं घर शोधत होतो. तेव्हा तिथं ग्रामपंचायत होती, पुढच्या वर्षी धायरी महापालिकेत आली. फोनवर फ्लॅट रिकामा असायचा. नाव सांगितलं की, “मालकांना विचारून कळवतो.” चौथ्या की पाचव्या ठिकाणी एका आजींनी किल्ली हातात दिली. पण तोवर अब्बांना सवय लागली होती. विचारलंच तर म्हणायचे, “आम्ही मिरजेकडचे,” आणि विषय बदलायचे. ती सवय माझ्या पेनात कधी उतरली, मला कळलंच नाही. वर भीतीही होती, की तोंडी परीक्षेत म्हणतील, ही तर घरातलीच माहिती.

मॅडमनी सांगलीच्या कृ. ब. देवलांची गोष्ट काढली. देवलांनी श्रुतींचा अभ्यास केला, १९१० मध्ये पुस्तक आणलं. स्वर प्रत्यक्ष गाऊन दाखवायला होते अब्दुल करीम खाँ. “देवलांचे कष्ट खरेच आहेत,” त्या म्हणाल्या, “पण गळा कुणाचा होता, हे विचारायचं. तू नातं लिही. आणि मामूंचं कुठं पटलं नाही, तेही लिही.”

हे दुसरं अवघड होतं. मिरजेतला पहिला तंबोरा आपल्याच घरात झाला, असं मामू छातीठोकपणे सांगतात. कागद एकही नाही. लोक सहसा फरीदसाहेबांचं नाव घेतात. मी लिहिलं, ‘माझे मामू असे सांगतात, याला लेखी पुरावा मिळाला नाही.’ हे त्यांना न सांगता छापणं मला जमेना.

बांधलेल्या तीन प्रती घेऊन पुन्हा गेले आणि ते पान वाचून दाखवलं. मामू बराच वेळ घोडी घासत राहिले.

“कागज नै, ये तो सच है,” ते म्हणाले. “झूट कायको लिखना? आगे पढ.”

मी पुढं वाचत गेले. भोपळ्याला दांडी जोडतात तिथं त्यांनी हात वर केला. “गोंद नै. सरस.”

प्रती बांधून झाल्या होत्या. मी पेन काढलं आणि तिन्ही प्रतींत ते दुरुस्त केलं.