किनाऱ्याची दैनंदिनी – भाग ४ : मांडवी

शुक्रवार

ऊन उतरता उतरता रत्नागिरीत मांडवीच्या धक्क्यावर पोचलो. भेळेच्या गाड्यांभोवती गर्दी, समोर सूर्य बुडत आलेला. 'मांडवी' हे नाव मात्र या फिरायला आलेल्यांचं नाही, व्यापाऱ्यांचं. मांडवी म्हणजे जकातीचं ठाणं. माल उतरायचा, जकात भरायची, मग गावात शिरायचं.

शनिवार

पहाटे ओहोटी होती. मूठभर वाळू उचलली तर हाताला चांगलीच जड लागली. खोलीवर आणून कागदावर सुकवली आणि खालून लोहचुंबक फिरवलं. काळे कण ताठ उभे राहिले आणि चुंबकामागून रांगेने सरकू लागले! सह्याद्रीचा कातळ झिजून आलेलं हे लोखंडी खनिज. रत्नदुर्गाच्या पलीकडची वाळू उजळ आहे, म्हणून रत्नागिरीकर तिकडच्याला पांढरा समुद्र म्हणतात आणि इकडच्याला काळा. मध्ये फक्त तो किल्ल्याचा डोंगर.

दुपारी राजिवड्याकडे चालत गेलो. तिथे काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या गाळाने मुख उथळ झालेलं. माझ्या मते मांडवीचा सगळा इतिहास या उथळ पाण्यात आहे. मुंबई-गोव्याची आगबोट धक्क्याला लागत नसे. ती लांब, खोल पाण्यात उभी राही आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून तिथवर जात. हलत्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा, तोही पोर कडेवर घेऊन. पावसाळ्यात तर बोट बंदच.

खाडीवरच्या टेकडीवर थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशचा हा राजा १८८६ मध्ये इंग्रजांचा कैदी म्हणून रत्नागिरीत आला. वाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षं समोर समुद्र, पण परतीची बोट नाही. तिथे फार वेळ थांबवलं नाही.

रविवार

रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन घेतलं. १८६७ सालचं दीपगृह पाहिलं. वरून मांडवीचा अख्खा बाक दिसतो, एकही मोठी बोट नाही. आधी रस्ता आला, मग १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली.

वाचकहो, बोटीने मुंबई गाठलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर आज त्यांच्याजवळ बसा. पडावाचं भाडं, बोटीवरचं जेवण, बरोबर नेलेलं सामान, जे आठवेल ते लिहून घ्या आणि मला पाठवा.