पाहुणी आणि तिची सोबतीण : सातारा ते सांगली

साताऱ्याला परदेशी पाहुणा आला, की आपण त्याला काय दाखवतो? अजिंक्यतारा, माहुलीचा कृष्णा-वेण्णा संगम, दिवस बरे असले तर कासची फुलं, आणि निघताना हातात कंदी पेढ्यांचा पुडा. झालं आदरातिथ्य! पण जी मुलं नुसती बघायला नव्हे, शिकायला येतात, त्यांचं या पुड्यावर भागत नाही. त्यांना आपलं घर बघायचं असतं. आणि घर दाखवायचं काम शेवटी येतं घरातल्या बाईवर आणि तिच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीवर.

आमच्या साताऱ्याच्या वन्संकडे मागे अशीच एक अमेरिकन विद्यार्थिनी पंधरा दिवस उतरली होती. पुण्यात थोडं मराठी शिकून आलेली. तिच्या सोबतीला वन्संची लेक, माझी भाची, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची. दोघी एकाच वयाच्या. मी तेव्हा तिथंच होते, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं.

पहिल्याच दिवशी पाहुणीनं विचारलं, "डॉ. आंबेडकरांची शाळा कुठं आहे?" भाची त्या प्रतापसिंह हायस्कूलवरून रोज जायची, पण आत कधी डोकावली नव्हती. ७ नोव्हेंबर १९०० ला या शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. पुढे १९१३ साली सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. म्हणजे तिकडे परके विद्यार्थी तेच होते की! भाची घरी येऊन हे मलाच सांगू लागली, जणू मी परदेशाहून आले होते.

दुसऱ्या दिवशी रयत शिक्षण संस्थेची चौकशी झाली. भाऊराव पाटलांनी १९१९ साली संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. पण मला तिथं आठवतात त्या लक्ष्मीबाई. निरनिराळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, आणि त्यांच्या धान्यासाठी या बाईनं अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आपल्याकडे एक पाहुणी पंधरा दिवस राहिली तर आपण दुधाचा हिशेब करतो!

फलटण सांगलीच्या वाटेवर नाही, वाकडी वाट करून जावं लागतं. तरी आम्ही गेलो, कारण पाहुणीचं मराठी ज्या व्याकरणाच्या पुस्तकावर पोसलं होतं, ते तिथल्या दोघींनी मिळून लिहिलेलं. एक मॅक्सीन बर्नसन, अमेरिकेतून येऊन १९६६ पासून फलटणला राहिलेल्या, आणि दुसऱ्या जाई निंबकर, इरावती कर्व्यांच्या कन्या. पुस्तक १९७५ चं. मॅक्सीनबाईंनी फलटणच्या बोलीवरच पीएच. डी. केली, १९७८ साली भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि नंतर मुलांसाठी 'कमला निंबकर बालभवन' ही मराठी शाळा काढली. कमलाबाई म्हणजे जाईंच्या सासूबाई. त्याही मूळच्या अमेरिकनच. सून म्हणून आलेली, अभ्यासाला आलेली आणि इथलीच, अशा तीन तऱ्हांच्या तीन बायकांची ही गोष्ट एका तालुक्याच्या गावातली आहे, बरं का.

बोलीची गंमत मात्र कऱ्हाडच्या एस्टीत आली. शेजारची बाई म्हणाली, "मी पेठनाक्याला उतरतो." पाहुणी गोंधळली. तिनं वहीत लिहून घेतलेलं, की बाई 'उतरते' म्हणते, पुरुष 'उतरतो' म्हणतो. भाची हसली आणि म्हणाली, "आमच्याकडं पुस्तक चालत नाही, आमच्याकडं बाया चालतात." सांगली-कोल्हापूरकडे बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात, हे तिला सांगायला कुठला प्राध्यापक लागला नाही. उतरेपर्यंत पाहुणीही ठसक्यात 'मी येतो' म्हणत होती.

महामार्गावरचं कासेगाव वाळवे तालुक्यात लागतं. गेल ऑम्वेट इथल्याच. १९६३ मध्ये त्या प्रथम भारतात आल्या त्या विद्यार्थीदशेतच म्हणायच्या. मग महात्मा फुल्यांपासूनच्या ब्राह्मणेतर चळवळीवर १९७३ साली त्यांनी पीएच. डी. मिळवली, भारत पाटणकरांशी लग्न केलं आणि या घरच्या झाल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या, त्याही कासेगावलाच. त्यांच्या सासूबाई इंदुमती पाटणकर प्रतिसरकारच्या काळातल्या स्वातंत्र्यसैनिक. अशी सासू आणि अशी सून एका छताखाली, याचंच मला जास्त अप्रूप वाटतं.

सांगलीत आयर्विन पूल पाहिला, गणपतीचं दर्शन झालं, हळदीच्या पेठेत सगळ्यांचे हात पिवळे झाले. ज्यांच्याकडे उतरलो त्यांनी भडंगाची परात समोर ठेवली, आणि भाचीनं ती झटकन मागे ओढली. पाहुणीला शेंगदाणा चालत नव्हता! आपल्याकडे कूट भाजीत, आमटीत, चटणीत, खिचडीत. तुमच्याकडे कधी अशी मुलगी यायची असेल, तर आल्या आल्या हे विचारून घ्या. तिकडे कित्येकांना शेंगदाण्यानं जिवावर बेततं. 'थोडंसं खा गं' हा आग्रह इथं कामाचा नाही. पाणी उकळून द्या, तिखट बाजूला वाढा, आणि तिनं ताटात टाकलं तर मनाला लावून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र मला खुपली. त्या पंधरा दिवसांत भाची रात्री साडेआठपर्यंत बाहेर हिंडत होती; एरवी तिला सातच्या आत घरात. पाहुणीला सोडायला म्हणून परवानगी होती, तिला स्वतःला म्हणून नाही. आणि इतकं सगळं दाखवून, समजावून, सांभाळून झाल्यावर पाहुणी तिच्या कॉलेजला परत गेली. तिला या पंधरा दिवसांचे गुण मिळणार. भाचीला काय मिळालं? तिनंच सांगलीच्या स्टँडवर आईला विचारलं, "ती इथं आली, मग मी तिकडं कधी?"

वन्सं काही बोलल्या नाहीत. पुढे कऱ्हाड गेल्यावर, पोरगी खिडकीला डोकं टेकून झोपलेली पाहून, त्यांनी हळूच मला विचारलं, "पासपोर्टाला काय काय लागतं गं? जन्माचा दाखला माझ्या कपाटात आहे."