रविवारचं रान

दर रविवारी रात्री साडेआठच्या सुमारास नातीचा फोन येतो. ती जर्मनीत फ्रायबुर्गला शिकते. तिच्याकडे तेव्हा दुपार सरत आलेली असते आणि ती बहुधा कुठल्या तरी डोंगरावरून उतरत असते. फोनमध्ये वारा ऐकू येतो.

पहिले दोन-तीन महिने मात्र रविवारच्या फोनवर नुसतं रडू असायचं. तिथे रविवारी दुकानं बंद. रविवारच्या विश्रांतीला त्यांच्या घटनेतच संरक्षण आहे म्हणे. रस्ते सुनसान, खोलीत एकटी पोर. मग वर्गातल्या एका मुलीने तिला ब्लॅक फॉरेस्टमध्ये नेलं, आणि तेव्हापासून तिचा रविवार डोंगरात जातो. गावाजवळचा शाऊइन्सलांड 1284 मीटर उंच आहे, हे मला आता पाठ झालंय. झाडांवर रंगीत चौकटीच्या खुणा असतात, त्या बघत चालायचं, चुकायची भीती नाही. तिथल्या डोंगर फिरणाऱ्यांची संस्था 1864 सालची! ऐकून मी थक्कच झालो. फिरण्यासाठी संस्था?

तुम्ही हसाल, पण माझाही एक परदेश होता. धारूरकडच्या खेड्यातून मी 1969 साली अंबाजोगाईला योगेश्वरी महाविद्यालयात शिकायला गेलो. एस.टी.ने जाण्याएवढंच अंतर. पण पहिल्या रविवारी वसतिगृहात मला जे वाटलं, तेच नातीला फ्रायबुर्गला वाटलं असणार.

माझा खोलीतला सोबती केजकडचा होता. तो म्हणाला, "चल, मुकुंदराजाला जाऊन येऊ." विवेकसिंधु आम्हाला अभ्यासाला होता. शके 1110 चा, म्हणजे 1188 चा हा ग्रंथ, आणि त्याच्या कर्त्याची समाधी तिथून चालत जाण्यासारखी. बालाघाटाच्या डोंगरात खाली दरी, वर ऊन, आणि पावसाळा सरला की सीताफळंच सीताफळं. आम्ही खाऊन बिया किती लांब थुंकता येतात याची पैज लावायचो. अभ्यासाच्या ग्रंथाबद्दल फार काही बोललो नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

सुट्टीत हे आईला सांगितलं तर तिला काही केल्या कळेना. "रानात? आन् कशाला? कुणाचं जनावर हरवलं व्हतं का?" तिचं बरोबर होतं. आमच्याकडे रान म्हणजे काम. खुरपणी, काढणी, सरपण. हात रिकामे ठेवून रानात नुसतं बघत बसायचं, हे मला घर सोडल्यावर कळलं. घरी राहिलो असतो तर जन्मभर कळलं नसतं.

आमचे जेवणाचे डबे गावाहून एस.टी.ने यायचे. 1972 साली पाऊस गेला. दिवाळीनंतर सोबत्याचा डबा यायचा बंद झाला. "मी जेवलो," असं तो म्हणायचा. आमच्या विहिरीला जरासं पाणी होतं. आईला कळवलं तर ती दोन भाकरी जास्त बांधू लागली, पुढे त्याही मिलोच्या. तो एक-दोनदा जेवला, मग डबा आला की खोलीबाहेर जाऊ लागला. रविवारी डोंगरात यायचंही त्याने सोडलं. उपाशी पोटी चढण कशी चढणार? हे मला तेव्हा सुचलं नाही. मी रुसलो होतो. एके दिवशी त्याची वळकटी दिसली नाही.

महिन्याभराने मी केजकडून एस.टी.ने येत होतो. दुष्काळी कामावर रस्त्याकडेला माणसं ओळीने खडी फोडत होती. गाडी थांबली. खिडकीखालीच तो होता, डोक्याला फडकं, हातात हातोडा. त्याने वर पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा दगडाकडे बघितलं. ज्या दगडांवर बसून आम्ही सीताफळं खायचो, तसलेच काळे दगड. गाडी बराच वेळ उभी होती. मी उतरलो नाही.

पुढे मी बी.ए. झालो, शिक्षक झालो. छत्तीस वर्षं पोरांच्या सहली काढल्या, मुकुंदराजालाही नेल्या. ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही.

परवाच्या रविवारी नातीने सहज विचारलं, "आबा, तुम्ही कुणाबरोबर फिरायचा?" आणि मी सगळं सांगून टाकलं. ती चालायची थांबली असावी, कारण पावलांचा आवाज बंद झाला.

"मग नंतर गेलात का त्यांच्याकडे?"

"नाही."

"गाव माहीत आहे?"

"आहे."

"अंबाजोगाईपासून किती लांब?"

गाडीने तासाभराचंसुद्धा नाही, हे सांगताना मला लाज वाटली. गुडघ्यांचं कारण पुढे करून बघितलं. ती म्हणाली, "आबा, एस.टी.त बसायला गुडघे लागत नाहीत."

येत्या रविवारी सकाळची गाडी आहे. सीताफळांचे दिवस नाहीत, म्हणून बाजारातून केळी घेतली आहेत.