दामिनी, इक्बाल आणि आम्ही

आमच्या शाळेला शुक्रवारी सुट्टी असायची आणि रविवारी शाळा भरायची. उर्दू शाळांत ही रीत बऱ्याच ठिकाणी आहे, त्यात नवल काही नाही. पण १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झालं, पुढे ते रविवारी दुपारी बाराला येऊ लागलं, आणि आमचा सुट्टीचा प्रश्न एकदम गंभीर झाला. गावातली सगळी मराठी शाळेची पोरं त्या वेळी टीव्हीसमोर बसलेली, आणि आम्ही मात्र पाढे म्हणत शेवटच्या घंटेची वाट पाहत असायचो. शाळा साडेबाराला सुटायची. दप्तर पाठीवर आपटत घरी पोचेपर्यंत किल्विषचा बंदोबस्त झालेला असे, आणि पडद्यावर शक्तिमान मुलांना उपदेश करत असे. मालिकेच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ नावाचा एक भाग असायचा, तेवढाच आमच्या वाट्याला यायचा. लढाई इतरांनी पाहिली, उपदेश आम्ही ऐकला. पुढे शिक्षकच झालो, तेव्हा तो अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

आम्ही म्हणजे तिघं भावंडं. थोरली आपा, मधला भाई आणि शेंडेफळ म्हणजे हे लिहिणारे. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, अब्बांचं शिवणकामाचं दुकान, दुकानामागे दोन खोल्या आणि पत्र्यावर अँटेना. वारा सुटला की भाई पत्र्यावर चढायचा आणि आम्ही खालून ‘आया, आया, गया’ असं ओरडायचो. केबल मोहल्ल्यात पोचली होती, पण अब्बांच्या मते ती पैशाची आणि अकलेची दोन्हींची नासाडी होती. त्यामुळे आमच्या वाट्याला दूरदर्शन आलं, आणि दूरदर्शन म्हणजे सह्याद्रीसुद्धा. ही गोष्ट त्या वेळी आम्हाला शिक्षा वाटायची. आज वाटतं, ती केबल आमच्या घरी आली असती तर आमच्या अम्मीला मराठी कधीच आलं नसतं.

अम्मीचं माहेर गुलबर्ग्याकडचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला दखनी बोलता यायची आणि थोडं कन्नड कळायचं. मराठीत ती फक्त ‘किती’ आणि ‘नको’ एवढंच बोलायची, आणि तिच्या मते बाजार करायला तेवढं पुरत होतं. मग सह्याद्रीवर ‘दामिनी’ आली. प्रतीक्षा लोणकर त्यात दामिनी व्हायच्या. अन्यायाविरुद्ध उभी राहणारी पत्रकार बाई. दुपारचं काम आटोपून अम्मी भांडी पुसत पुसत टीव्हीसमोर बसायची. सुरुवातीला आपा बाजूला बसून तिला अर्थ सांगायची. सहाएक महिन्यांनी अम्मीच आपाला गप्प करायला लागली, “ठहर गे, सुनने दे.”

तिचं मराठी दामिनीचं होतं, गावचं नव्हतं. रेशनच्या दुकानात साखर कमी भरली तेव्हा शेजारच्या बायका जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. अम्मी मात्र म्हणाली, “हा आमच्यावर अन्याय आहे.” दुकानदार इतका चपापला की त्याने पुन्हा वजन केलं. पुढे एकदा एका कार्यालयात दाखल्यासाठी गेलो असता तिथला कारकून तिचं बोलणं ऐकून कौतुकानं म्हणाला, “तुम्ही मुसलमान वाटतच नाही हो.” अम्मीला ती शाबासकी वाटली. घरी येऊन तिने अब्बांना सांगितली. अब्बा काही बोलले नाहीत, मशीन चालवत राहिले. या अंकाच्या वाचकांपैकी फार थोडे असे असतील ज्यांना हे वाक्य कधीच कुणी ऐकवलं नसेल, म्हणून जास्त लिहीत नाही.

मराठी सिनेमा आम्ही टीव्हीवरच पाहिला. ‘अशी ही बनवाबनवी’ किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. १९८८ सालचा सिनेमा, आमच्या वयाचाच म्हणा ना. त्यात पुण्यात भाड्याची खोली मिळावी म्हणून चार मित्रांपैकी दोघांना साड्या नेसून बायका व्हावं लागतं. लहानपणी त्यावर पोट धरून हसलो. पुढे बी.एड.साठी शहरात खोली शोधायची वेळ आली. फोनवर सगळं ठरायचं, भाडं, अनामत, नळाची वेळ. मग नाव विचारायचे, आणि नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. सात ठिकाणी गेलेली होती. तेव्हा धनंजय मानेची फार आठवण आली. त्या बिचाऱ्यांना खोलीसाठी साडी नेसावी लागली. आमचं नुसतं नाव बदललं असतं तरी भागलं असतं.

त्याच वर्षी वसतिगृहातल्या एका मित्राच्या संगणकावर ‘गर्म हवा’ पाहिला. एम. एस. सथ्यूंचा, इस्मत चुगताईंच्या कथेवरचा. बलराज साहनींना तो प्रदर्शित झालेला पाहायला मिळाला नाही, त्याआधीच १९७३ मध्ये ते गेले. त्यांचा सलीम मिर्झा आग्र्यात जोड्यांचा धंदा करणारा माणूस. फाळणीनंतर त्याला कुणी कर्ज देत नाही, कुणी घर देत नाही, आणि तो टोपी नीट करून पुढच्या दारी जातो. भाषण करत नाही. आम्हा तिघा-चौघा मित्रांपैकी कुणीही त्या रात्री सिनेमावर काही बोललं नाही. एकाने एवढंच विचारलं, “तुला खोली मिळाली का रे?”

पण सिनेमाचं खरं वेड लागलं ते २००१ साली. ‘लगान’ आणि ‘गदर’ एकाच दिवशी प्रदर्शित झाले होते. आमच्या गावात दोन्ही उशिरा आले, आधी ‘गदर’. तेरा वर्षांचे होतो. सनी देओलने पाकिस्तानात हातपंप उपटला तेव्हा थिएटरातल्या सगळ्यांबरोबर आम्हीही शिट्ट्या वाजवल्या, भाईने तर खुर्चीवर उभं राहून. सिनेमा सुटला. बाहेर सायकल स्टँडवर आमच्याच वर्गाएवढी पोरं तोच सीन करत होती. त्यातल्या एकाने आमच्याकडे पाहून हातपंप उपटल्याची नक्कल केली आणि सगळे हसले. आम्हीही हसलो. पोरांची मस्करी होती ती, द्वेष वगैरे शब्द तिला लावू नयेत असं आजही वाटतं. पण घरी येईपर्यंत भाई एक शब्द बोलला नाही. आपण शिट्टी कुणासाठी वाजवली, हे त्याला तेव्हा कळेना, आणि खरं सांगायचं तर आम्हाला अजून नीट कळलेलं नाही.

‘लगान’मधला इस्माईल आवडला. कुंभाराचा धंदा करणारा, जखमी पायाने पुन्हा खेळायला उतरणारा. ‘सरफरोश’मधला इन्स्पेक्टर सलीम मोठ्यांना फार आवडायचा, अब्बांनासुद्धा. मुकेश ऋषींनी काम जीव तोडून केलं आहे, यात वाद नाही. आमचं म्हणणं वेगळं आहे. सलीम चांगला पोलीस आहे एवढं पुरत नाही, त्याला अख्खा सिनेमाभर चांगुलपणाचा दाखला बाळगावा लागतो. २००७ च्या ‘चक दे इंडिया’तल्या कबीर खानचंही तेच. एक पेनल्टी हुकली आणि घराच्या भिंतीवर गद्दार लिहिलं गेलं. सिनेमा आम्हाला आवडतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यावर मुलींकडून नाटुकलंही बसवून घेतलं. तरीही मनात येतं, की नुसता हॉकीचा मास्तर म्हणून हा माणूस कुणाला चालला नसता का?

म्हणून आमचा आवडता सिनेमा कोणता असं विचारलं तर आम्ही ‘इक्बाल’ म्हणतो. नागेश कुकनूरचा, २००५ सालचा. सीडी भाड्याने आणली होती, ईदचे दिवस होते, आपा सासरहून आलेली. एका खेड्यातला मूकबधिर मुलगा, म्हशी राखता राखता गोलंदाजी करणारा. बाप म्हणतो शेती कर. नसीरुद्दीन शाह गावचा दारुडा, एके काळचा खेळाडू, तो त्याला शिकवतो. बाप यतीन कार्येकर, मुलगा श्रेयस तळपदे. आणि मुलाची आई पडद्यावर आली तशी अम्मी उठून टीव्हीपाशी गेली. “अगे, ये तो अपनी दामिनी है!”

खरंच त्या प्रतीक्षा लोणकर होत्या. डोक्यावर ओढणी घेतलेल्या, नाव सईदा. अम्मीला इतका आनंद झालेला आम्ही क्वचितच पाहिला. जिच्याकडून ती मराठी शिकली ती बाई आता तिच्यासारखी ओढणी घेऊन तिच्यासारख्या घरात बसली होती. क्रिकेटचं तिला वेड, आणि नवऱ्यापासून लपवून मुलाला साथ द्यायची. त्या घरात कुणी कव्वाली गात नाही, कुणी आदाब आदाब करत झुंबराखाली फिरत नाही. कर्जाची काळजी आहे, पावसाची आहे. पोराचं नाव इक्बाल का, याचा खुलासा कुणी मागत नाही, आणि तो देशासाठी खेळायला निघतो तेव्हा त्याच्याकडून कुणी शपथ घेत नाही. चेंडू चांगला टाकतो, बस.

आमच्याबरोबरचे एक शिक्षक यावर नेहमी वाद घालतात. ते म्हणतात, “सर, तुमचा इक्बाल सगळ्यांना चालतो, कारण तो बोलत नाही. त्याला जीभ दिली असती तर बघायचं होतं.” हा मुद्दा साधा नाही. आम्ही त्यावर बरीच वर्षं विचार केला आहे आणि पुरतं उत्तर मिळालेलं नाही. एवढंच सांगतो, की त्या घरात बोलणारं एक माणूस आहे. इक्बालची धाकटी बहीण खतीजा. तो हातांनी सांगतो ते ती जगाला बोलून दाखवते. त्या दारुड्याशी हुज्जत घालते, भावासाठी दारं ठोठावते. श्वेता प्रसादने ती केली आहे, आणि नसीरुद्दीनसमोर ती पोरगी जराही दबत नाही.

आमच्या घरातली खतीजा थोरली होती. अब्बांना मराठी बोलता येई, वाचता येत नसे. वीज बिल, बँकेची पावती, एसटीची पाटी, सगळं आपा वाचायची. भाईचा आयटीआयचा फॉर्म तिने भरला, आमच्या अकरावीचा तिने भरला. ती स्वतः उर्दू माध्यमातून दहावीला शाळेत पहिली आली होती. पुढे उर्दूतून शिकायचं तर सोलापूर, आणि गावातलं कॉलेज मराठीतून, मुलामुलींचं एकत्र. अब्बांनी दोन्हीला नाही म्हटलं. आम्ही भाऊ तेव्हा लहान होतो, असं आम्ही सांगत आलो आहोत. अगदीच लहान नव्हतो. तिची पुस्तकं रद्दीत गेली तेव्हा वजन करायला आम्हीच बसलो होतो.

त्या ईदला अम्मी दामिनीच्या आनंदात होती. आपा भिंतीला टेकून खतीजाकडे बघत होती. मध्येच ती हळूच म्हणाली, “उसे बोलना नै आता, इस वास्ते इसकू बोलने देते.” भाईने आवाज वाढवला. आम्ही पडद्याकडे पाहत राहिलो.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुन्या मालिका परत लावल्या. बातम्यांच्या वाहिन्या आम्ही त्या दिवसांत लावत नव्हतो, का ते सांगायला नको. ‘महाभारत’ मात्र मुलाला घेऊन रोज पाहिलं. त्याचे संवाद डॉ. राही मासूम रझांनी लिहिलेत हे त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “मग त्यात काय?” त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही, याचं आम्हाला फार बरं वाटलं. ‘शक्तिमान’ही आयुष्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून पाहिलं. लढाया अगदीच यथातथा आहेत.

गेल्या वर्षी शाळेला प्रोजेक्टर मिळाला. आठवीच्या वर्गाला आम्ही ‘इक्बाल’ दाखवला, दोन दिवस, दोन-दोन तासिका जोडून. मुलं शेवटी बाकं वाजवत उठली, म्हशींची नावं घेत मैदानात पळाली. एक मुलगी मागे थांबली. वर्गात फारशी न बोलणारी, परीक्षेचा फॉर्म सर्वांत आधी आणून देणारी. तिने विचारलं, “सर, इक्बाल तो खेलने गया. खतीजा का क्या हुआ?”

सिनेमात ते दाखवलेलं नाही, असं आम्ही सांगितलं. ती म्हणाली, “इस वास्तेच तो आपकू पूछ रही.” तेवढ्यात घंटा झाली.

संध्याकाळी आपाला फोन लावला आणि तो प्रश्न जसाच्या तसा सांगितला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी दार वाजवत होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, “बोल उसे, लोगां के फॉर्म भरती बैठी है. ठहर, कोई आया देख, राशनकार्ड का है.” आणि तिने फोन ठेवला.